सातबारा नसलेल्या हातांना क्रेडिट कोण देणार?

उच्च शिक्षणाच्या बाजारात सध्या एक नवा शब्द फिरतो आहे : मायक्रो-क्रेडेन्शियल. ही पदवी नाही आणि पदविकाही नाही. एखादे नेमके कौशल्य काही आठवड्यांत शिकवायचे, परीक्षा घ्यायची आणि छोटे प्रमाणपत्र द्यायचे, असा हा प्रकार आहे. युरोपियन युनियनच्या मंत्रिपरिषदेने जून 2022 मध्ये याबाबत शिफारस मंजूर केली. एका देशातील विद्यापीठाचे छोटे प्रमाणपत्र दुसऱ्या देशातील विद्यापीठाने आणि मालकाने मान्य करावे, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे 2023 मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्यात 30 तासांच्या शिकण्याला एक क्रेडिट आणि 1200 तासांच्या म्हणजे वर्षभराच्या शिकण्याला 40 क्रेडिट असा हिशेब घातला आहे. म्हणजे ज्ञानाची मोजणी आता तासावर आली.

या छोट्या प्रमाणपत्रांसाठी देशोदेशीची विद्यापीठे एकत्र येऊन अभ्यासक्रम तयार करत आहेत, आणि त्यांच्या आवडीचा एक विषय आहे शाश्वत जमीन व्यवस्थापन. मातीची धूप, पाणलोट, चराऊ कुरणे, उपग्रहाच्या नकाशावरून जमिनीची प्रत ठरवणे, मातीत साठणारा कार्बन मोजणे हे त्यातले धडे. विषयाला मागणी असण्याचे कारणही आहे. वाळवंटीकरणविरोधी जागतिक कराराची चौदावी परिषद सप्टेंबर 2019 मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात झाली. तिथे भारताने 2030 पर्यंत 2 कोटी 60 लाख हेक्टर नापीक होत चाललेली जमीन सुधारण्याचे वचन जगाला दिले. एवढी जमीन सुधारायची तर माणसे लागणार, आणि प्रमाणपत्रधारक माणसांना पगार, प्रकल्प, अधिकार मिळणार.

आंबेडकरी तरुणाने या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये. जमीन कोणाची, जमिनीचे ज्ञान कोणाचे आणि त्या ज्ञानावर शिक्का मारण्याचा अधिकार कोणाचा, हे तिन्ही प्रश्न आपल्या चळवळीचे जुने प्रश्न आहेत. ते आता नव्या कागदावर येत आहेत, एवढेच.

परदेशी ज्ञानाचे आम्हाला वावडे नाही

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. परदेशी विद्यापीठ म्हटले की नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. 1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले नसते तर या देशाचा इतिहास वेगळा झाला असता. स्वदेशीच्या गप्पा मारणाऱ्यांनी ज्यांना गावच्या पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांना परदेशातील ग्रंथालयाने टेबल आणि खुर्ची दिली. ते उपकार आम्ही विसरत नाही.

पण बाबासाहेब तिथे जाऊन काय शिकले आणि परत येऊन त्याचे काय केले, हेही पाहा. 1918 साली त्यांनी भारतातील लहान शेतधारणांवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेती बुडाली, तेव्हा तुकडे जोडा, असा त्या वेळच्या तज्ज्ञांचा उपाय होता. बाबासाहेबांनी विचारले की धारण लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून कसे ठरेल? तिच्यावर किती माणसे, किती भांडवल आणि किती अवजारे आहेत, ते पाहावे लागेल. शेतीवर नको इतक्या माणसांचा भार पडला आहे, त्यांना उद्योगात काम द्या, हा त्यांचा निष्कर्ष होता. तज्ज्ञ जमिनीकडे पाहत होते, बाबासाहेब जमिनीवरच्या माणसाकडे पाहत होते. शाश्वत जमीन व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आम्ही याच कसोटीवर तपासणार.

जमिनीचे ज्ञान एकाकडे, दप्तर दुसऱ्याकडे

गावगाड्यात गावाची शीव कुठून कुठे जाते हे कोणाला ठाऊक होते? महाराला. दोन गावांत शिवेचा तंटा उठला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. कोणता ओढा कुठून वाहतो, कोणता दगड हद्दीचा, कोणते रान कोणाचे, हे त्याच्या पायांना पाठ होते. पण दप्तर होते कुलकर्ण्याकडे. ज्ञान पायात, लेखणी दुसऱ्याच्या हातात. या ज्ञानाचा मोबदला म्हणून महाराच्या वाट्याला आले वतन, म्हणजे अपुरी जमीन आणि दिवसरात्र राबण्याची सक्ती. ते वतन म्हणजे गुलामी आहे हे ओळखून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले.

माती आणि पाणी अडवण्याचेही तसेच. वडार आणि बेलदारांच्या पिढ्या दगड फोडत आणि माती वाहत गेल्या. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसे, त्यात मोठ्या संख्येने बाया, दुष्काळी कामांवर गेली. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती त्यांनी केली. उतार कसा आहे, पाणी कुठे थांबेल, पिचिंगचा दगड कसा बसवला तर वाहून जाणार नाही, हे त्यांच्या हातांना कळते. पुढे रोजगार हमीच्या कायद्याखाली आणि मग मनरेगाखाली हेच काम चालू राहिले. त्यांचे नाव मस्टरवर आले आणि तिथेच राहिले.

आता क्रेडिटचा हिशेब करू. मनरेगाखाली वर्षाला 100 दिवस, दिवसाला 8 तास काम म्हणजे 800 तास. 30 तासांना एक क्रेडिट या सरकारी मापाने 26 पेक्षा जास्त क्रेडिट झाले. दोन वर्षांत एका शैक्षणिक वर्षाचे 40 क्रेडिट ओलांडले. दहा वर्षे बांधावर राबलेल्या बाईने तासांच्या मापाने पदवीच्या सहा वर्षांहून अधिक काळ शिकण्यात घालवला आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात अनुभवालाही क्रेडिट देता येईल असे लिहिलेले आहे. युरोपच्या 2022 च्या शिफारशीतही वर्गाबाहेर मिळवलेल्या ज्ञानाला मान्यता देण्याची सोय धरलेली आहे. म्हणजे दोन्हीकडच्या कागदांत दार आहे. मग त्या दारातून ही बाई आत का येत नाही?

कोणी म्हणेल, मजुरी म्हणजे शिक्षण नव्हे, खड्डा खणणे आणि मृदाशास्त्र यांत फरक आहे. फरक आहे, मान्य. म्हणूनच परीक्षा घ्या, तोंडी घ्या, शिवारात घ्या. तिला विचारा की या उताराला समतल चर किती अंतरावर घ्यायचे, या मुरमात पाणी टिकेल का. पण परीक्षाच न घेता नापास करू नका. मालकाच्या मुलाने उन्हाळ्यात प्रकल्पावर दोन महिने घालवले की ती इंटर्नशिप होते आणि तिला क्रेडिट मिळते. त्याच प्रकल्पावर दहा वर्षे राबणारीचे काम अकुशल ठरते. अकुशल या सरकारी शब्दात जात लपलेली आहे. हाताने काम करणाऱ्याला बुद्धी नसते, हा मनूचा नियम आता वेतनश्रेणीच्या भाषेत बोलला जातो.

अभ्यासक्रमात माती आहे, जात कुठे आहे?

दुसरा प्रश्न अभ्यासक्रमात काय आहे हा. माती, पाणी, कार्बन, जैवविविधता सगळे असेल. पण आपल्या देशात जमिनीचा धडा जातीशिवाय शिकवला तर तो अर्धा धडा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींची लोकसंख्या 16.6 टक्के आहे. 2015-16 च्या कृषी गणनेत वहिती क्षेत्रातला त्यांचा वाटा सुमारे 9 टक्के आहे. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला तिचे व्यवस्थापन शिकवून उपयोग काय? आणि ज्याच्याकडे आहे त्याला शिकवताना शेजारच्या भूमिहीनाचे काय होते, हे कोण शिकवणार?

ही कल्पनेतली भीती नाही. महाराष्ट्रात आंतरराष्ट्रीय सहकार्याने जमीन सुधारण्याचे प्रयोग आधीच झालेले आहेत. 1990 च्या दशकात जर्मनीच्या मदतीने आणि नाबार्डमार्फत इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम चालला. आदर्श गाव योजनेनेही त्याच काळात जोर धरला. गावाने पाळायचे नियम होते चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान. ऐकायला चांगले आहे. पण चराईबंदी म्हणजे कोणाच्या शेळ्या बंद? ज्याच्याकडे शेत आहे तो बांधावरचे गवत कापून गोठ्यात जनावर पोसतो. ज्याच्याकडे वावभर जमीन नाही त्याची चार शेळ्या हीच बँक असते, आणि ती बँक गायरानावर चरते. कुऱ्हाडबंदी म्हणजे सरपण आणणाऱ्या बाईवर बंदी. श्रमदान सगळ्यांनी करायचे, पण पाणी वाढले ते विहिरीत, आणि विहीर जमीनवाल्याची.

जॉन केर या अभ्यासकाने महाराष्ट्र आणि आंध्रातील पाणलोट प्रकल्पांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध केला. त्यातही हेच दिसले. फायदा मुख्यतः जमीनधारकांचा झाला, आणि सामाईक जमिनीवर जगणाऱ्या भूमिहीनांनी, विशेषतः बायांनी, काही ठिकाणी त्याची किंमत मोजली. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात हे प्रकल्प यशोगाथा म्हणून शिकवले जाणार असतील तर हे पानही त्यात असले पाहिजे.

दुसरा रस्ता होता, हेही त्यात असले पाहिजे. पुरंदर तालुक्यातल्या नायगाव परिसरात विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर दिले आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मानला. उसाला पाणी नाही हा नियम केला. म्हणजे निसर्ग वाचवायचा आणि न्यायही करायचा, हे एकत्र जमते. त्याला विज्ञान आडवे येत नाही, मालकी आडवी येते.

महात्मा फुल्यांना हे 1883 सालीच दिसले होते. शेतकऱ्याचा असूड मध्ये पाणी अडवून जमिनीत मुरवण्यासाठी बंधारे घालण्याची सूचना आहे. त्याच ग्रंथात जंगल खात्याने गावची गायराने गिळली आणि गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना जागा उरली नाही, ही तक्रारही आहे. जमीन सुधारणा आणि जमिनीवरचा हक्क हे दोन विषय आहेत असे जोतीरावांनी मानले नाही. आमचे म्हणणे तेवढेच आहे.

पडीक कोणाच्या दृष्टीने?

आता मुद्दा गायरानाचा. नकाशावर जी जमीन पडीक दिसते तिच्यावर हजारो दलित, आदिवासी, भटक्या कुटुंबांनी पोट भरले आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. मागणी होती की पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. पुढे 1991 च्या शासननिर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याची सोय झाली. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, पण सातबारा अजून कित्येकांच्या हातात नाही. गाव नमुना एक-ई मध्ये नाव आहे का, दंडाची पावती आहे का, पंचनामा आहे का, या फेऱ्यांत एक पिढी संपली. 2022 मध्ये उच्च न्यायालयापुढे राज्यातील सुमारे 2 लाख 22 हजार गायरान अतिक्रमणांचा आकडा आला आणि गावोगावी नोटिसा निघाल्या. 2023 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी शासकीय आणि गायरान जमिनी दिल्या जात आहेत.

या जागी मायक्रो-क्रेडेन्शियलवाला तज्ज्ञ येतो. त्याच्या हातात उपग्रहाचा नकाशा आहे. तो म्हणतो, ही जमीन ऱ्हास पावलेली आहे, इथे झाडे लावा, कार्बन साठवा. त्याच्या नकाशात तीस वर्षे त्या जमिनीवर बाजरी आणि तूर पिकवणारे घर दिसत नाही, कारण त्या घराच्या नावाचा कागद नाही. अतिक्रमणदार या शब्दाला आता पर्यावरणाचा शत्रू हा दुसरा शिक्का जोडला जाईल, आणि तो मारणाऱ्याकडे दोन देशांच्या विद्यापीठांचे प्रमाणपत्र असेल.

गंमत अशी की जागतिक कागद आमच्या बाजूने आहेत. 2012 साली जागतिक अन्नसुरक्षा समितीने जमिनीच्या हक्कांबाबत ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. भारतात झालेल्या 2019 च्या त्याच परिषदेत जमिनीच्या हक्काचा प्रश्न वाळवंटीकरणाशी जोडणारा ठराव झाला. कारण साधे आहे. उद्या हाकलले जाईल हे ज्याला माहीत आहे तो बांध घालत नाही, झाड लावत नाही. सातबारा हे मृदसंधारणाचे पहिले साधन आहे. 2 कोटी 60 लाख हेक्टरचा आकडा अभिमानाने सांगणाऱ्यांनी त्याच परिषदेतला हा ठरावही सांगावा.

दार कोणासाठी उघडे?

तिसरा प्रश्न प्रवेशाचा. ऑनलाइन अभ्यासक्रम सर्वांना खुला असतो, मग आरक्षणाची गरज काय, असा युक्तिवाद आत्ताच ऐकू येतो. जागाच मोजायच्या नसल्या की आरक्षण आपोआप संपते, हे त्यातले खरे वाक्य आहे. खुले म्हणजे फी भरू शकणाऱ्याला, इंग्रजी समजणाऱ्याला, चांगले नेटवर्क आणि स्वतःचा संगणक असणाऱ्याला खुले. गावची विहीरही कागदावर सार्वजनिकच असायची.

करार कोणती विद्यापीठे करू शकतात तेही पाहा. परदेशी विद्यापीठाबरोबर संयुक्त किंवा दुहेरी पदवी देण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांत नॅकचे किमान 3.01 गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात स्थान अशी अट आहे. मायक्रो-क्रेडेन्शियलचे करारही याच वाटेने मोठ्या नावांकडे जाणार. आमची मुले शिकतात त्या तालुक्याच्या महाविद्यालयात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, ते कुठून 3.01 आणणार? परदेशी विद्यापीठांच्या भारतातील केंद्रांसाठीच्या 2023 च्या नियमांनी प्रवेश आणि फी ठरवण्याची मोकळीक त्यांनाच दिली आहे. जून 2025 मध्ये नवी मुंबईसाठी पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे दिली गेली. तिथे आमच्या मुलांना किती जागा, हे कोणी विचारले?

आणि एक गोष्ट विसरू नका. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास वगळले. म्हणजे गायरानाचा इतिहास शिकायला दलित विद्यार्थी या शिष्यवृत्तीवर परदेशात जाऊ शकत नाही, पण परदेशी विद्यापीठ इथे येऊन गायरानाच्या नकाशाचे प्रमाणपत्र विकू शकते. आमच्या जमिनीबद्दल आम्ही प्रश्न विचारायचे नाहीत, दुसऱ्यांनी दिलेली उत्तरे पाठ करायची, अशी ही व्यवस्था आहे.

युरोपच्या शिफारशीत स्पष्ट आहे की छोटी प्रमाणपत्रे पूर्ण पदवीची जागा घेण्यासाठी नाहीत, पूरक आहेत. आपल्याकडे हे वाक्य गाळले जाण्याचा धोका मोठा आहे. वरच्यांच्या मुलांना पदवी आणि त्यावर शोभेला प्रमाणपत्र, आमच्या मुलांना नुसतेच प्रमाणपत्र आणि दहा हजारांची नोकरी. शिष्यवृत्ती थकवायची, वसतिगृह द्यायचे नाही, मुलगा गळला की त्याच्या हातात तीन क्रेडिटचा तुकडा द्यायचा आणि त्याला लवचिकता म्हणायचे, हे आम्ही चालू देणार नाही.

आमच्या मागण्या

विरोध करून थांबणे ही आंबेडकरी पद्धत नाही. तेव्हा आमचे म्हणणे नेमके असे.

एक, जमीन व्यवस्थापनाचे कोणतेही आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र महाराष्ट्रात द्यायचे असेल तर जमिनीचे हक्क, वतनांचा इतिहास, भूमिहीनांचे सत्याग्रह आणि गायरानाचा प्रश्न हा त्यातला सक्तीचा भाग असावा.

दोन, मनरेगावर आणि पाणलोटाच्या कामांवर राबलेल्या मजुरांच्या अनुभवाची मराठीत, शिवारात परीक्षा घेऊन त्यांना क्रेडिट द्यावे. मस्टर हा पुरावा मानावा. या प्रमाणपत्रावर त्यांना मेटपासून तांत्रिक सहाय्यकापर्यंतच्या कामांत प्राधान्य मिळावे.

तीन, सार्वजनिक पैसा किंवा सार्वजनिक विद्यापीठ ज्या करारात आहे, त्या प्रत्येक अभ्यासक्रमात प्रवेशाला आणि शिकवणाऱ्यांच्या नेमणुकीला आरक्षण लागू असावे, आणि शिष्यवृत्ती छोट्या प्रमाणपत्रांनाही मिळावी.

चार, गायरान कसणाऱ्यांचे दावे निकाली निघेपर्यंत त्या जमिनीवर सौर, कार्बन किंवा वनीकरणाचा कोणताही प्रकल्प घेऊ नये.

पाच, कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजनेत 2004 पासून भूमिहीनांना 4 एकर कोरडवाहू किंवा 2 एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. तिला पुरेसा निधी द्यावा आणि जमीन मिळालेल्या कुटुंबांना हे शिक्षण सर्वांत आधी आणि मोफत द्यावे.

तरुण मित्रांनो, मागण्या करून घरी बसायचे नाही. नकाशा वाचणे, जीआयएस, माती परीक्षण ही विद्या शिकून घ्या, फी परवडेल तिथे शिका, फुकट मिळेल तिथे आधी शिका. तुमच्या गावचे गायरान त्याच नकाशावर काढा आणि कोण किती वर्षे कसतो ते त्यावर लिहा. एक-ईच्या नकला काढा. विद्यापीठाने कोणत्या परदेशी संस्थेशी काय करार केला ते माहितीच्या अधिकारात मागवा. अभ्यास मंडळावर आपला माणूस आहे का ते पाहा, नसेल तर अधिसभेच्या निवडणुकीत उतरा.

1947 साली राज्ये आणि अल्पसंख्याक मध्ये बाबासाहेबांनी शेती हा राज्याचा उद्योग व्हावा आणि जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिकरीत्या कसायला मिळावी, अशी मांडणी केली. जमीन टिकवायची तर तिच्यावरची विषमता आधी संपवावी लागेल, हा त्या मांडणीचा अर्थ आम्ही घेतो. जगातल्या विद्यापीठांनी खुशाल एकत्र यावे, आमच्या शिवारात यावे. पण येताना पहिला प्रश्न मातीला विचारण्याआधी ती कसणाऱ्याला विचारावा. त्याचे उत्तर लिहून घेण्याइतकी जागा तुमच्या प्रमाणपत्रावर नसेल, तर ते प्रमाणपत्र आमच्या उपयोगाचे नाही.

जय भीम!